आरएस-२३२ ते आरएस-४८५: १५ मीटरांपासून १२०० मीटरांपर्यंत

यंत्रायंत्रांमध्ये तारेवरून डेटा पाठवण्याची आरएस-२३२ आणि आरएस-४८५ ही दोन मानके. लांबवर डेटा न्यायचा तर यांतले कोणते घ्यावे, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. खरे तर २३२ या कामासाठी जन्मलेच नव्हते. अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये ते आखले, तेव्हा टेलिप्रिंटरसारखे टर्मिनल शेजारच्या मोडेमला (डेटा टेलिफोन लाइनवरून जाण्याजोगा करणाऱ्या उपकरणाला) जोडणे एवढेच त्याचे काम होते. पुढचा लांबचा पल्ला टेलिफोन लाइन गाठे. १९६९ च्या ‘सी’ आवृत्तीने केबल ५० फुटांच्या, म्हणजे सुमारे १५ मीटरांच्या आत ठेवण्याची शिफारस केली. मोडेम टेबलावरच असल्यावर आणखी लागणार तरी किती?

मोडेम वगळून यंत्रे थेट एकमेकांना जोडली जाऊ लागली तेव्हा अडचणी दिसू लागल्या. २३२ मध्ये प्रत्येक सिग्नलला एकच तार असते आणि तिचे व्होल्टेज मोजले जाते सामाईक ग्राउंडच्या तुलनेत. दोन टोकांच्या ग्राउंडमध्ये काही व्होल्टचा फरक पडला, की तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. शिवाय केबल लांबली की तिची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते आणि पल्सच्या ताठ कडा ढेपाळतात. टेलिप्रिंटरवाल्यांकडे यावर जुना तोडगा होता: २० मिलिअँपिअरचा करंट लूप. व्होल्टेजऐवजी प्रवाह वाचायचा. वेग बेताचा, पण मजल शेकडो मीटरांची.

खरे उत्तर मात्र टेलिफोनच्या जगात कधीचेच पडून होते. पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच घेतले होते. १९७५ च्या आरएस-४२२ ने तीच जोडी घेतली आणि दोन तारांमधला फरक तेवढा वाचायचे ठरवले. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. त्यामुळे २३२ च्या रिसीव्हरला निदान ३ व्होल्ट हवे असतात, तिथे ४२२ ला २०० मिलिव्होल्टही पुरतात. १२०० मीटर आणि सेकंदाला १ कोटी बिट हे दोन्ही आकडे ४२२ च्या नावावर सांगितले जातात, पण ते एकाच वेळी मिळत नाहीत. १२०० मीटरांवर वेग १ लाख बिटांच्या आसपास उतरतो, आणि १ कोटीसाठी केबल १२ मीटरांच्या घरात आणावी लागते.

४२२ मध्ये बोलणारा एकच, ऐकणारे दहापर्यंत. १९८३ च्या आरएस-४८५ ने त्याच जोडीवर अनेकांना आळीपाळीने बोलू दिले: ३२ प्रमाण भार (उपकरण लाइनवर किती भार टाकते ते मोजण्याचे एकक), ग्राउंडच्या तुलनेत तारांवर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंत सहन, आणि सिग्नल टोकावरून परतू नये म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना सहसा १२० ओहमचा रेझिस्टर. पाळी कोणाची, हे मात्र ४८५ सांगत नाही. तो कारभार मॉडिकॉन कंपनीच्या १९७९ च्या मॉडबससारख्या प्रोटोकॉलकडे, म्हणजे संवादाच्या नियमांकडे, राहिला.

जोडीतल्या दोन तारांच्या ‘ए’ आणि ‘बी’ या नावांचा घोळ तर आजतागायत निस्तरलेला नाही. मानकाप्रमाणे लाइन ‘१’ अवस्थेत असताना ‘ए’ तार ‘बी’च्या तुलनेत ऋण असते, पण अनेक चिप उत्पादकांनी नावे नेमकी उलटी लावली. म्हणून ४८५ ची नवी जोडणी मुकी राहिली, की जाणता तंत्रज्ञ आधी त्या दोन तारांची अदलाबदल करून पाहतो.