प्रतिकारशक्ती कमी, म्हणून लसच नको?

कॅन्सरवर केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या मुलाला कोणतीच लस द्यायची नाही, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात तथ्य आहे ते एवढंच: गोवर, कांजिण्या, रोटाव्हायरस, तोंडावाटे द्यायचा पोलिओ अशा जिवंत पण क्षीण केलेल्या जंतूंच्या लसी या काळात टाळतात. फ्लूचं इंजेक्शन किंवा न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची) लस यांत जिवंत जंतू नसतात. त्यांनी आजार होऊच शकत नाही. संरक्षण थोडं कमी मिळेल, पण याच मुलांना त्याची गरज जास्त असते.

गोवराचंच बघा. अशा मुलाच्या अंगावर कधी कधी पुरळही उठत नाही, आणि विषाणू मात्र फुप्फुसांत पसरतो. लस त्याला देता येत नसेल, तर घरातल्या भावंडांना जरूर द्या. गोवराच्या लसीतला विषाणू त्यांच्याकडून त्याला लागत नाही. पोलिओचे थेंब मात्र भावंडांनाही नकोत. त्याऐवजी इंजेक्शन घ्यावं.

अशा मुलाचा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला, तर पुरळाची वाट पाहू नका. तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन लवकरात लवकर, फार तर 10 दिवसांच्या आत द्यावं लागतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.