बेल ग्रिस्ट मिल

बेल ग्रिस्ट मिल : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील, नापा खोऱ्यातली १८४६ सालची पाणचक्की. सेंट हेलिना गावाच्या उत्तरेस सुमारे पाच किलोमीटरवर, कॅलिस्टोगाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या झाडीत ती उभी आहे. ३६ फूट (सुमारे ११ मीटर) व्यासाचे लाकडी चाक ही तिची ओळख. चक्कीचा परिसर राज्याचे ऐतिहासिक उद्यान असून तिच्या दगडांवर आजही धान्य दळले जाते. त्या काळच्या बहुतेक चक्क्यांच्या आता भिंतीच उरल्या आहेत, किंवा चाक शोभेपुरते उभे आहे. त्यामुळे ‘आजही दळले जाते’ हे तीन शब्द फार मोलाचे आहेत.

ग्रिस्ट म्हणजे दळण. घरून धान्य न्यायचे, दळून घ्यायचे आणि आपले पीठ घेऊन परतायचे, असा व्यवहार जिथे होई ती ग्रिस्ट मिल. गहू घाऊक विकत घेऊन पीठ बाजारात धाडणारी गिरणी वेगळी. ग्रिस्ट मिलमध्ये दळणावळ बहुधा रोख नसे. चक्कीवाला धान्यातूनच ठरलेला वाटा काढून घेई. नव्या वस्तीला दोन गोष्टींची नड आधी भासे : लाकूड कापायची वखार आणि दळणाची चक्की. चक्की नसेल तर घरच्या बाईला मका हाताने कुटावा लागे. मेक्सिकन कॅलिफोर्नियात त्यासाठी ‘मेताते’ हा दगड वापरीत. तो आपल्या पाट्या-वरवंट्याच्या जवळचा. रोजच्या भाकरीसाठी त्यावर तासन्‌तास ओणवे राहणे म्हणजे काय, हे जात्यावर दळलेल्या आजीच्या नातवंडांना वेगळे सांगायला नको.

या काळाला अमेरिकेत ‘पायोनियर’ काळ, म्हणजे पहिल्या वसाहतकारांचा काळ म्हणतात. नापा खोऱ्याच्या बाबतीत हा शब्द जपून वापरावा. इथे पहिले दळणारे हात वसाहतकारांचे नव्हते. वाप्पो लोक ओकची फळे कुटून, पाण्याने त्यांचा तुरटपणा धुऊन काढून त्यांचे पीठ करीत आले होते. १८३७-३८ च्या देवीच्या साथीने या भागातल्या मूळ रहिवाशांची दाणादाण उडाली आणि पाठोपाठ त्यांची जमीन मोठमोठ्या इनामांत वाटली गेली. चक्कीची जागा अशाच एका इनामातली आहे.

एडवर्ड टर्नर बेल हा इंग्रज शल्यचिकित्सक १८३७ च्या सुमारास मॉन्टेरे बंदरात उतरला. त्या वेळी कॅलिफोर्निया मेक्सिकोचा प्रांत होता आणि उत्तरेकडची सूत्रे जनरल मारियानो वाय्येहो यांच्या हाती होती. बेलने वाय्येहोंची भाची मारिया इग्नासिया सोबेरानेस हिच्याशी १८३९ मध्ये लग्न केले, मेक्सिकन नागरिकत्व घेतले आणि १८४१ मध्ये नापा खोऱ्याच्या वरच्या टोकाची सुमारे १८,००० एकर जमीन इनाम मिळवली. या इनामाचे नाव ‘कार्ने उमाना’, म्हणजे शब्दशः ‘नरमांस’. स्थानिक वस्तीच्या मूळ नावाचा हा स्पॅनिश कानांनी केलेला अपभ्रंश असावा, असे सहसा सांगितले जाते. बेल भांडखोर होता. वाय्येहो घराण्यातल्याच एकावर गोळी झाडल्यामुळे त्याला तुरुंगवासही घडला. पण खोऱ्यात गहू पिकू लागला आहे आणि दळायची सोय नाही, हे त्याने नेमके हेरले. जवळ पैसा थोडा आणि जमीन उदंड, म्हणून सुतारकाम व लोहारकाम करणाऱ्या नव्या वसाहतकारांना त्याने मजुरीच्या बदल्यात जमीन दिली. चक्की उभी राहिली ते १८४६ साल. त्याच वर्षी जवळच्या सोनोमा गावात अमेरिकन वसाहतकारांनी बंड केले आणि कॅलिफोर्निया अमेरिकेच्या ताब्यात गेला.

बेलला चक्कीचे सुख फार लाभले नाही. १८४८ मध्ये सोने सापडल्याची हाक उठली तसा तोही खाणींकडे गेला आणि १८४९ मध्ये वारला. मागे मारिया सोबेरानेस, लहान मुले, कर्ज आणि ही चक्की. चक्की बेलच्या नावाने ओळखली जाते, पण ती सावरली मारियाने, हे या इतिहासात ठळकपणे लिहिले गेले पाहिजे. आधीचे चाक २० फुटांचे होते. इथे पावसाळा हिवाळ्यात असतो; उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी आटते आणि नेमका तेव्हाच नवा गहू दारात येतो. मारियाच्या काळात ३६ फुटांचे चाक बसले. पाणी तेवढेच, पण ते अधिक उंचीवरून, अधिक लांब आऱ्याच्या टोकाला मिळाले की कण्याला पीळ जास्त बसतो. आज लोक ज्याचे फोटो काढतात ते चाक अशा उन्हाळी टंचाईतून आलेले आहे.

चक्कीची रचना समजून घ्यायची तर पाण्यामागून चालत जावे. ओढ्याचे पाणी अडवून पाटाने आणतात आणि शेवटच्या टप्प्यात लाकडी पन्हळीतून थेट चाकाच्या माथ्यावर सोडतात. चाकाच्या परिघावर लाकडी खणांची रांग असते. वरचे खण भरतात, जड होऊन खाली येतात, तळाशी रिकामे होतात. पाण्याच्या धडकेपेक्षा इथे त्याचे वजन काम करते. एवढे मोठे चाक संथ फिरते आणि दळणाच्या दगडाला तर मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे लागतात. ही तफावत भरून काढायला दात्यांच्या लहान-मोठ्या चक्रांची माळ असते. तीच आडव्या कण्याचे फिरणे उभ्या कण्यावर नेते. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) पाणचक्कीत ही माळ लागत नाही. तिथे पाते लावलेले चक्रच आडवे आहे आणि वरचा दगड त्याच्या उभ्या कण्यावर फिरतो. एकाच कामाची ही दोन उत्तरे आहेत.

दगडांची जोडी आपल्या जात्यासारखीच : खालचा स्थिर, वरचा फिरता. मात्र हाताच्या खुंट्याऐवजी खालून कणा येतो आणि वरच्या दगडाचे वजन टनाच्या आसपास जाते. दोन दगड एकमेकांना टेकता कामा नयेत. कडेला त्यांच्यात कागदाएवढी फट राखायची, आणि ती पीठ बोटांत चोळून, भरड आले की बारीक ते बघून कमीजास्त करायची. धान्याचा घास घालायलाही माणूस नसतो. वरच्या पेटीतून दाणे एका तिरप्या पन्हाळ्यात उतरतात आणि फिरत्या कण्याला जोडलेली दांडी त्या पन्हाळ्याला सतत टिचक्या मारत राहते. चाक जोरात, तर टिचक्या भरभर आणि दाणे जास्त. चाक मंदावले की दाणेही कमी. दगड रिकामे फिरले तर एकमेकांवर घासून ठिणगी पडते आणि हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीला ती पुरते. म्हणून जुने चक्कीवाले त्या टिकटिकीकडे कान लावून असत. ती बदलली की हातातले काम टाकून धावत.

दगडांच्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत खाचा असतात. त्या दाणा कापतात, वारा खेळवून पीठ थंड ठेवतात आणि त्याला बाहेर सरकवतात. खाचा झिजल्या की दगड उचलून, उलटा करून टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीने खाचा पुन्हा कोराव्या लागतात. आपल्याकडे हेच काम टकारी करीत. दारोदार ‘टाकी लावायची का’ म्हणून विचारत येत. अमेरिकेतले कारागीरही गावोगाव फिरत. पोलादी टाकीच्या कपच्या उडून त्यांच्या हातांच्या पाठीवर रुतत आणि तिथे निळसर-काळे ठिपके कायमचे राहत. नव्या कारागिराला काम देण्याआधी चक्कीवाला त्याला बाह्या वर करायला सांगे, अशी आठवण या धंद्यात सांगतात. एकोणिसाव्या शतकात सर्वांत नावाजलेले दगड फ्रान्सच्या ला फेर्ते-सू-झुआर परिसरातले. गारेच्या जातीच्या त्या दगडाचे तुकडे सांधून, लोखंडी पट्टा आवळून चाक घडवीत आणि ते समुद्रमार्गे अमेरिकेला पोचे.

पीठ वर-खाली नेणारी वाट्यांची माळ आणि चाळणाऱ्या रेशमी कापडाचे फिरते नळकांडे, ही पुढची पायरी. त्यामागे ऑलिव्हर इव्हान्स या डेलावेअरच्या कल्पक माणसाचे नाव घ्यावे लागते. धान्य आत गेल्यापासून पीठ बाहेर येईपर्यंत हाताने काही उचलावे लागू नये, अशी यंत्रमाळ त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस उभी केली. १७९० मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. अमेरिकन सरकारने दिलेले ते तिसरेच पेटंट.

पाणचक्क्यांचा उतार १८७० नंतर सुरू झाला. दगडांऐवजी पोलादी रुळांमधून गहू दळण्याची पद्धत बुडापेस्टहून पसरली आणि मिनीयापोलिसच्या प्रचंड गिरण्यांनी ती उचलली. रुळ गव्हाचा कोंडा आणि अंकुर वेगळे काढतात. तेलकट अंकुर गेला की पीठ पांढरे होते, महिनोन्‌महिने टिकते, रेल्वेने कुठेही जाते. गावच्या चक्कीला याला तोंड देता येईना. नापा खोऱ्यात तर गहूच मागे हटला आणि द्राक्षे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल चक्की थांबली.

जतनाची कहाणी सरळ नाही. १९२३ मध्ये चक्की ‘नेटिव्ह सन्स ऑफ द गोल्डन वेस्ट’ या कॅलिफोर्नियात जन्मलेल्यांच्या संघटनेला देणगी म्हणून मिळाली आणि १९२५ मध्ये पहिली डागडुजी झाली. १९६७ मध्ये पुन्हा काम निघाले. १९७२ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आली. त्याच वर्षी जुन्या चक्क्यांच्या जतनासाठी देशभर काम करणारी ‘सोसायटी फॉर द प्रिझर्व्हेशन ऑफ ओल्ड मिल्स’ स्थापन झाली. १९७४ मध्ये चक्की राज्याच्या उद्यान खात्याकडे गेली आणि १९८० च्या दशकात चाकापासून दगडांपर्यंत सगळे पुन्हा चालते केले गेले.

एवढ्या वेळा दुरुस्ती का, तर लाकडी चाक सतत भिजते आणि सुकते. भिजलेले लाकूड कुजते, सुकलेले आकसते. चाक एकाच जागी उभे राहिले तर खालची बाजू ओली राहून जड होते आणि तोल जातो. चाकाला वापर मानवतो. बंद खोलीतल्या वस्तूसारखे ते झाकून ठेवता येत नाही. प्रत्येक फळी बदलताना प्रश्नही उरतोच : १८४६ चे नेमके काय राहिले? माझ्या मते चक्कीच्या बाबतीत हा प्रश्न फळीपाशी अडकू नये. ती चालती असतानाही तिच्या फळ्या बदलतच होत्या; पाण्याची वाट, यंत्राची मांडणी आणि दगड घडवण्याचे कसब टिकणे जास्त महत्त्वाचे. कसब तर सर्वांत नाजूक. टाकी लावता येणारा माणूस गेला, तर दगड शाबूत असूनही दळण थांबते.

धोके मात्र सगळेच आतले नसतात. २०११ मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि बंद करायच्या ७० उद्यानांच्या यादीत बेल चक्कीचे नाव आले. २०१२ मध्ये नापा काउंटीच्या उद्यान मंडळाने तिचा कारभार अंगावर घेतला, म्हणून दारे उघडी राहिली. आगीची भीती तर कायमची. ऑरेगॉन राज्यात ईगल पॉइंट येथे १८७२ ची ब्यूट क्रीक मिल आहे. २०१५ च्या नाताळच्या पहाटे ती जळाली आणि गावकऱ्यांनी ती पुन्हा उभारायला घेतली. २०२० च्या सप्टेंबरात ‘ग्लास फायर’ नावाचा वणवा नापा खोऱ्यात भडकला. त्यातून बेल चक्की वाचली.

चक्की सहसा शनिवार-रविवारी दळते. पन्हळीचे दार उचलले की आधी फक्त पाणी पडल्याचा आवाज येतो आणि खण भरेपर्यंत चाक हलत नाही. मग जमीन हलकेच थरथरते, वर पन्हाळ्याला टिचक्या बसू लागतात आणि दगडाच्या कडेने पहिले पीठ येते. हाताला ते कोमट लागते.