हातकताई, लोकरीची (कोल्हापूर परिसर)

मेंढीची कातरलेली लोकर पिंजून, तंतू ओढून व त्यांना पीळ देऊन हाताने सूत काढण्याची क्रिया. कोल्हापूर जिल्ह्यात ही कताई पूर्वापार घोंगडीसाठी होत आली. तिचे सूत विणकामाच्या सुयांवर चढणे ही तुलनेने अलीकडची आणि अजून थोड्यांचीच आवड आहे. प्रस्तुत नोंदीत विषयाचा विचार मुख्यतः सुयांवर विणणाऱ्यांच्या बाजूने केला आहे. घोंगडीचा माग, चिंचोक्याची खळ आणि सनगर या विणकर समाजाचा व्यवसाय यांचा उल्लेख गरजेपुरताच येईल.

लोकर : परिसरातील धनगरांकडे असते ती दख्खनी मेंढी. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी हे तिचे मानले जाणारे उपप्रकार. रंग बहुधा काळा. त्याखेरीज करडा, तपकिरी, पांढरा आणि यांची मिसळ. कातरणी वर्षातून दोनदा होते आणि वर्षभरात एका मेंढीपासून किलोभरही लोकर मिळत नाही. तंतू सर्वसाधारणपणे 40 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा 24 मायक्रॉनच्या आत असतो. तंतूची जाडी 30 मायक्रॉनच्या पुढे गेली की त्याची टोके त्वचेला टोचू लागतात. दख्खनी लोकर अंगाला खाजते, या तक्रारीचे मूळ इथे आहे.

या जाडीवरून दख्खनी लोकरीला हलक्या प्रतीची ठरवण्याची रीत जुनी आहे, पण ती न्याय्य नाही. तंतू जाड असल्याने सूत ताठ व चिवट होते आणि वापराने लवकर झिजत नाही. सदऱ्यावरून घालायचे बिनबाह्यांचे जाकीट, खांद्याची पिशवी, आसन, पायपुसणे यांसाठी मऊ मेरिनोपेक्षा ही लोकर कितीतरी सरस. मफलर किंवा बाळाचे टोपडे करायचे असेल तर मात्र जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर शोधावी. ती लक्षणीय मऊ असते.

एकाच मेंढीच्या अंगावर सगळी लोकर सारखी नसते. खांद्यावरची बारीक, मांड्यांकडची सर्वांत जाड, पोटाखालची मळकी आणि गुंतलेली. मेंढपाळाकडून लोकर घेताना ती पसरून, हाताने चाचपून, खांद्याची बाजू वेगळी काढून घेता येते. विणणाऱ्याचा पहिला आनंद हा निवडीचा. दुकानातल्या गुंड्यावर रंगाचा क्रमांक छापलेला असतो. इथे एका कळपातल्या चार मेंढ्यांच्या चार काळ्या छटा समोर पडलेल्या असतात, आणि त्यांपैकी कोणती पाठीला आणि कोणती काठाला वापरायची हे विणणारीने ठरवायचे असते. रंगवण्याची गरजच उरत नाही. काळी लोकर उन्हात राहून टोकाशी तांबूस होते. ही टोके सुतात मिसळली की काळ्याला आतून तपकिरी झाक येते. कारखान्यातल्या एकसुरी रंगात ती सापडत नाही.

धुण्यासाठी कोमट पाणी व रिठा पुरतो. फार गरम पाणी आणि चोळणे कटाक्षाने टाळावे, कारण लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकून तिचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला थर बनतो. जेन आणि बुरणूस हे न विणलेले लोकरी प्रकार याच गुणावर उभे आहेत, पण कातायच्या लोकरीला तो मारक ठरतो.

टकळी आणि चरखा, प्राचीनता : टकळी, म्हणजे हाताने फिरवायची कताईची काडी, चरख्यापेक्षा जुनी, याबद्दल दुमत नाही. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन स्थळांपैकी नेवासे (जि. अहिल्यानगर) येथे कापूस व रेशीम यांच्या धाग्याचा, तर पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे अळशीच्या धाग्याचा अवशेष मण्यांमध्ये टिकून राहिलेला मिळाला. त्यांचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. दुसरे सहस्रक असा धरतात. म्हणजे कताई तेव्हा चांगली रुळलेली होती. दख्खनच्या उष्ण व दमट मातीत लोकर फारशी टिकत नाही. त्यामुळे लोकरीचे अवशेष मिळाले नाहीत एवढ्यावरून तेव्हा ती कातत नसत, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

चरख्याबद्दल मात्र अभ्यासकांत मोठा मतभेद आहे. जुने लेखक चरख्याचा जन्म भारतातच झाला असे गृहीत धरत. इतिहासकार इरफान हबीब यांनी 1969 मध्ये मध्ययुगीन भारतातील तांत्रिक बदलांचा आढावा घेताना या समजाला हरकत घेतली. भारतातील पहिला निःसंदिग्ध उल्लेख इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यात (सुमारे 1350) येतो, आणि त्यापूर्वी चरखा बाहेरून आला असावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रझिया सुलतानाच्या संदर्भात स्त्रीने चरख्याजवळ बसावे, अशा आशयाची इसामीची ओळ आहे. तिच्यातील स्त्रीविषयक मत आज कोणी स्वीकारणार नाही, पण तंत्राच्या इतिहासाला ती मोलाची आहे. इसामीने हे काव्य बहमनी राज्याच्या आश्रयाने लिहिले, म्हणजे उल्लेख दिल्लीच्या राणीचा असला तरी लेखणी दख्खनमधली होती, ही गोष्ट या परिसरापुरती विशेष महत्त्वाची वाटते. भारताबाहेर बगदादकडील चित्र (सुमारे 1237) व 13व्या शतकाच्या उत्तरार्धातील चिनी चित्र यांत चरखा दिसतो, आणि त्याच शतकाच्या अखेरीस युरोपातही तो आढळतो.

याच्या उलट बाजूला इतिहासकार विजया रामस्वामी यांनी दक्षिणेकडील साहित्याची साक्ष पुढे आणली. 12व्या शतकातील कन्नड वचनकारांत (‘वचन’ नावाच्या छोट्या भक्तिपर रचना करणाऱ्यांत) गणली जाणारी कदिरे रेम्मव्वे ही सूत कातणारी होती, आणि तिच्या एका वचनात फिरणाऱ्या चाकाच्या भागांना ब्रह्मा, विष्णू व रुद्र यांची रूपे दिली आहेत: खालची फळी ब्रह्मा, वरचे तोरण विष्णू, उभी बाहुली महारुद्र. वर्णन इतके तपशीलवार आहे की ते टकळीचे असू शकत नाही. आक्षेप असा की वचनांची संकलने मुख्यतः 15व्या शतकातली असून एखादे वचन नेमके कोणत्या पिढीत रचले गेले हे ठरवणे अवघड असते. हा आक्षेप रास्त आहे. तथापि चाकाचे सुटे भाग नावानिशी सांगणारी रचना कातणाऱ्या हाताच्या ओळखीतूनच येते, तेव्हा ही साक्ष बाजूला सारण्याइतकी दुबळी म्हणता येत नाही. चरखा मुळात कोठून आला याचा निकाल यातून लागत नाही. पण कोल्हापूर ज्या मराठी-कन्नड सीमाभागात मोडते त्या भागात 14व्या शतकापर्यंत तो आला असावा, कदाचित त्याआधीही, असे मानण्यास हरकत नाही.

आधुनिक काळात इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि 1906 मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी कापड गिरणीचा पाया घातला. दोन्ही ठिकाणी काम कापसाचे. जाड देशी लोकरीकडे यंत्रांनी पाहिलेच नाही, आणि धनगरवाड्यांत हातकताई जास्त काळ टिकली याचे हेही एक कारण असावे. सुयांवरचे विणकाम भारतात युरोपीयांबरोबर, विशेषतः मिशनच्या मुलींच्या शाळांतून पसरले. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम 1852 पासून सुरू झाले.

पीळ : विणणाऱ्याच्या दृष्टीने कताईचे सारे मर्म पिळात आहे. घोंगडीच्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) मागावर सतत घासले जावे लागते, म्हणून धनगर स्त्रिया त्यासाठी एकपदरी, कडक पिळाचे सूत काढतात. हेच सूत सुयांवर घेतले तर ते गाठी मारते आणि विणलेला चौकोन एका अंगाला कलतो. सुलट टाक्यांचा सपाट तुकडा विणला की हा कल चटकन दिसतो. यावर उपाय म्हणजे दुपदरी सूत. दोन एकपदरी धागे ज्या दिशेने कातले त्याच्या उलट दिशेने एकत्र वळले की दोन्ही पीळ एकमेकांना सावरतात. परीक्षा सोपी आहे: वळलेल्या सुताचा हातभर तुकडा दोन्ही टोके जुळवून सैल सोडावा, तो स्वतःभोवती गुंडाळला गेला नाही तर पीळ जुळला. नंतर फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) लड करून ती कोमट पाण्यात भिजवून, वजन न बांधता सावलीत वाळवली की सूत बसते आणि थोडे फुगते.

कातणाऱ्या बाईंकडून तयार सूत विकत घ्यायचे असेल, तर ‘सैल पिळाचे, सुयांसाठी’ असे आधी सांगणे श्रेयस्कर. पेटी चरखा कापसासाठी बनलेला असल्याने त्याची चाती (सूत जिच्यावर पिळले जाते ती टोकदार सळई) फार वेगाने फिरते. लोकरीचा तंतू कापसापेक्षा लांब असतो, त्याला धरून राहण्यासाठी कमी पीळ लागतो. तेव्हा चाक हळू फिरवावे व हात लांब न्यावा. नवशिक्याला टकळी बरी. ती थांबवता येते, तुटलेला धागा पुन्हा जोडता येतो, आणि बोटांमधून तंतू सरकताना किती पुरे हे बोटांनाच कळू लागते. पहिल्या लडीत जाड-बारीक सूत निघतेच. ती उसवून टाकू नये: अशा सुताची विणलेली पिशवी फार देखणी होते, आणि हात बसल्यावर तसे सूत मुद्दाम काढू म्हटले तरी जमत नाही.

सूत खरेदी : शहरातील दुकानांत ‘लोकर’ म्हणून मिळणारे गुंडे बहुतांशी ॲक्रिलिकचे असतात, लुधियानाच्या वर्धमान, ओसवाल यांसारख्या कंपन्यांचा माल सर्वत्र मिळतो. ॲक्रिलिकला कमी लेखण्याचे कारण नाही. ते स्वस्त आहे, रंग भरपूर आहेत, यंत्रात धुता येते. लहान मुलांच्या स्वेटरला ते सोयीचे. मात्र एका कपड्याचे सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले आहेत हे पाहून घ्यावे, अन्यथा बाही आणि पाठ यांच्या रंगात फरक पडतो. धागा खरोखर लोकरीचा आहे का, हे जाळून कळते: लोकर केस जळाल्यासारखा वास सोडते आणि तिची राख बोटांत चुरते, तर ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी उरतो.

देशी लोकर व घोंगडी यांच्याशी निगडित मोठा मेळा म्हणजे पट्टणकोडोली (ता. हातकणंगले) येथील विठ्ठल-बिरदेवाची यात्रा. तेथे भंडारा व खोबऱ्याबरोबर लोकरही देवावर उधळली जाते. आदमापूर (ता. भुदरगड) येथे बाळूमामांच्या नावाने राखलेले मेंढ्यांचे कळपही प्रसिद्ध आहेत. पण यात्रेच्या गर्दीत कातण्यायोग्य लोकर निवडून घेता येत नाही. त्यासाठी कातरणीच्या दिवसांत मेंढ्यांच्या वाड्यावर जाणे उत्तम. आज अनेक मेंढपाळांना कातरणीची मजुरीही लोकरीच्या किमतीतून सुटत नाही आणि कातरलेली लोकर टाकून दिली जाते. विणणाऱ्याने निवडून, रास्त भावाने घेतलेली चार-दोन किलो लोकर त्या व्यवहारात लहान असली तरी तिला किंमत आहे. पूर्ण बाह्यांच्या मोठ्या स्वेटरला सुमारे अर्धा किलो सूत लागते. धुण्या-पिंजण्यातील घट धरता एका मेंढीची वर्षभराची लोकर सहसा पुरत नाही, म्हणून एकाच कळपातील दोन मिळत्याजुळत्या रंगांच्या मेंढ्या पाहून ठेवाव्यात.

साठवण : लोकरीला कसर लागते. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत न धुतलेली लोकर लवकर खराब होते, तेव्हा ती आधी धुऊन, कडकडीत वाळवून, कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासह सुती पिशवीत बांधून ठेवतात आणि उघडीप मिळेल तेव्हा वारा देतात.