वेस्लींची भीती आणि मोरावियनांचा भरवसा

ख्रिस्ती धर्मातल्या मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली एकेकाळी मरणाला फार भीत. लाज न बाळगता त्यांनी हे रोजनिशीत लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं.

ऑक्टोबर 1735 मध्ये ते ‘सिमंड्स’ जहाजाने अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीकडे निघाले. ऑक्सफर्डचे विद्वान, अँग्लिकन पाळक. उपवास-प्रार्थनेत कसूर नाही. याच जहाजावर 26 जर्मन मोरावियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाची माणसं, होती. 25 जानेवारी 1736 च्या संध्याकाळी त्यांच्या उपासनेतलं स्तोत्र चालू असतानाच समुद्र जहाजावर चढला, मुख्य शीड फाटलं, पाणी आत घुसलं. इंग्रज प्रवाशांनी एकच आकांत केला. जर्मन मंडळी गातच राहिली. नंतर वेस्लींनी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, “भीती नाही वाटली?” “देवाची कृपा, नाही.” “आणि बायकामुलांना?” “आमची बायकामुलं मरणाला भीत नाहीत.”

हा धीर आयत्या वेळी आलेला नव्हता. 1415 मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या चेक धर्मसुधारक यान हुस यांचा वारसा सांगणाऱ्या काही कुटुंबांनी छळापायी मोराव्हिया सोडला आणि 1722 मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीत, काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर हर्नहुट गाव वसवलं. देवाच्या भरवशावर घरदार सोडून झालं होतं. जहाजावर इतरांची हलकीसलकी कामं ते पैसे न घेता करत. कुणी ढकललं, मारलं, तरी उठून निमूट बाजूला होत. मला यातलं हेच मोलाचं वाटतं. गर्व आणि राग त्यांनी आधीच देवाच्या हाती दिले होते. भीतीची परीक्षा मागाहून आली. वेस्लींनीही नेमकं हेच टिपलं आहे.

जॉर्जियात वेस्लींना यश आलं नाही. 1738 मध्ये परतल्यावर लंडनमध्ये पेटर ब्योलर या मोरावियनाने त्यांना विश्वासाचा अर्थ उलगडून सांगितला. 24 मे रोजी आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत, बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक ल्यूथर यांची प्रस्तावना वाचली जात असताना, ख्रिस्तावर आपला भरवसा बसल्याचं त्यांना जाणवलं. त्याच रात्री शंकांनी पुन्हा घेरलं. ते धावा करत, शंका पळत, परत येत. आपल्या विश्वासाची साक्ष देताना आपण हा भाग बहुधा गाळतो, तो गाळू नये.

ऑक्टोबर 1743 मध्ये इंग्लंडमधल्या वेन्सबरीत मेथडिस्टांच्या विरोधातल्या जमावाने त्यांना रात्री फरपटत नेलं, तोंडावर मारून रक्त काढलं. आपण अभ्यासिकेत बसलो असतो तर जितकं चित्त स्थिर राहिलं असतं, तितकंच तेव्हाही होतं, असं त्यांनी लिहिलं.