शेकानंतरचा पांढरा डाग

मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, सहा आठवड्यांचा शेक (किरणोपचार) संपला, माणूस घरी परतून हळूहळू सावरू लागला. मग पुढचा एमआरआय होतो आणि रिपोर्टात येतं की गाठीच्या जागी पांढरा डाग दिसतोय, पूर्वीपेक्षा मोठा. घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच येतं, गाठ परत आली. खरं तर त्या एका चित्रावरून तसं म्हणता येत नाही. हे रुग्णाच्या घरच्यांना वेळेवर कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, म्हणून हा लेख.

आधी तो डाग पांढरा का दिसतो ते पाहू. तपासणीच्या वेळी हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. लोक त्याला ‘डाय’ म्हणतात, पण त्यात रंग नसतो. गॅडोलिनियम हा चुंबकीय गुणाचा धातू आहे आणि तो जिथे साचतो तिथला भाग चित्रात उजळतो. निरोगी मेंदूत तो शिरत नाही, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट विणलेल्या असतात. कर्करोगाची गाठ घाईघाईने स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या तयार करते. त्या कच्च्या असतात, म्हणून गळतात. किरणांनी भाजलेल्या रक्तवाहिन्याही गळतात. गळती कोणत्याही कारणाने झाली तरी डाग पांढराच. भिंत कुठे फुटली एवढंच साधा एमआरआय सांगतो, कुणी फोडली ते त्याला कळत नाही.

ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक गाठीत हा घोळ विशेष होतो. 2005 पासून तिच्यावर सहा आठवड्यांत 30 वेळा मिळून 60 ग्रे किरणमात्रा आणि सोबत टेमोझोलोमाइड या कर्करोगावरच्या औषधाच्या गोळ्या हा उपचार जगभर रूढ आहे. शेक संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काहींच्या चित्रात डाग वाढतो आणि उपचार न बदलताच पुढे ओसरतो. हा गाठ वाढल्याचा नुसता आभास. ज्यांच्या गाठीला ही गोळी चांगली लागू पडते, त्यांच्यातच तो जास्त आढळतो. म्हणजे घाबरून गोळी बंद केली, तर नेमकं गुण देणारं औषध थांबवल्यासारखं होईल. कित्येक महिन्यांनी, कधी दोनेक वर्षांनीही, किरणांमुळे काहींच्या मेंदूचा थोडा भाग मृत होतो. त्याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. तोही चित्रात गाठीसारखाच दिसतो.

मग ओळखायचं कसं? सर्वांत जास्त भिस्त परफ्युजन तपासणीवर असते. पंपाने गॅडोलिनियम झपाट्याने सोडतात आणि ते मेंदूतून वाहत जाताना दर एक-दोन सेकंदांनी चित्रं घेतात. कोणत्या भागात किती रक्त खेळतं, याचा नकाशा त्यातून तयार होतो. जिवंत गाठ रक्ताची हावरी असते, त्यामुळे तिथे रक्ताचं प्रमाण वाढलेलं दिसतं. मेलेल्या भागात ते कमी असतं. ऐकायला सोपं, पण ऑपरेशनच्या जागी जुनं रक्त किंवा धातूची क्लिप असली की चित्र बिघडतं. शिवाय एकाच डागात जिवंत गाठ आणि मृत पेशी शेजारीशेजारी असणं अगदी नेहमीचं आहे. मूत्रपिंडं कमजोर असतील तर इंजेक्शनशिवायही रक्तप्रवाह मोजता येतो. त्यासाठी मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकीय खूण करतात.

स्पेक्ट्रोस्कोपी मला सर्वांत विलक्षण वाटते. सुई न टोचता ती मेंदूतली रसायनं मोजते. पेशींची आवरणं झपाट्याने तयार होत असली की कोलीन वाढतं. एनएए हे निरोगी चेतापेशींचं रसायन, त्या मेल्या की ते घटतं. कोलीन खूप चढलेलं असेल तर गाठीचा संशय बळावतो, सगळंच घटून फक्त चरबी आणि लॅक्टेट उरलं असेल तर मृत भागाचा. डाग लहान असेल तर मात्र आजूबाजूच्या मेंदूचा संकेतही त्यात मिसळतो आणि आकड्यांवर विसंबता येत नाही.

डिफ्युजन तपासणी पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते पाहते. आठवडी बाजाराच्या गर्दीत माणसाला पाऊल टाकता येत नाही, तसंच दाटीवाटीच्या गाठीत पाण्याचं होतं.

इस्राएलच्या शेबा वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांनी एक साधी युक्ती वापरली. इंजेक्शननंतर पाचेक मिनिटांनी एक चित्र, तासाभराहून अधिक वेळाने दुसरं. जिवंत गाठीतून गॅडोलिनियम तोवर वाहून जातं, मृत भागात ते साचत राहतं. दोन्ही चित्रांची वजाबाकी केली की फरक दिसतो.

यांपैकी एकही तपासणी एकटीने निकाल देण्याइतकी पक्की नाही. म्हणून डॉक्टर तीन-चारींचा मेळ घालतात. तरीही शंका उरली तर चार ते आठ आठवडे थांबून पुन्हा एमआरआय करतात किंवा तुकडा काढून तपासतात. 2010 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार शेकानंतरच्या पहिल्या 12 आठवड्यांत, किरण दिलेल्या क्षेत्राबाहेर नवा डाग आला किंवा तुकड्यात जिवंत गाठ सापडली, तरच गाठ वाढली असं म्हणायचं. 2023 च्या सुधारणेत तुलनेचा पाया म्हणून ऑपरेशननंतरच्या चित्राऐवजी शेक संपल्यावरचं चित्र धरायला सांगितलं आहे.

तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. शेक संपल्यावरच्या पहिल्या एमआरआयची सीडी, शेकाच्या तारखा आणि किरण नेमके कुठे दिले त्याची माहिती सोबत ठेवा. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर किती मिलिग्रॅम, आणि मागच्या तपासणीच्या वेळी किती होत्या, हेही आठवणीने सांगा. स्टिरॉइडने रक्तवाहिन्यांची गळती कमी होते, त्यामुळे गाठ तेवढीच असूनही डाग लहान दिसू शकतो. मात्रा कमी केली की तोच डाग वाढल्यासारखा भासतो.