औद्योगिक कादंबरी, व्हिक्टोरियन

व्हिक्टोरियन इंग्लंडमधील कारखानदारी, मालक-मजूर संबंध आणि वर्गभेद हा ज्यांचा मुख्य विषय आहे, अशा सामान्यतः १८३९ ते १८५५ या काळातील इंग्रजी कादंबऱ्यांना ही संज्ञा लावतात. ‘सामाजिक प्रश्नांची कादंबरी’ व ‘इंग्लंडच्या स्थितीची कादंबरी’ ही नावेही आढळतात. वर्गीकरणाचे काम मुख्यतः विसाव्या शतकातील समीक्षेने केले. लुई काझामियाँ या फ्रेंच अभ्यासकाने १९०३ मध्ये १८३० ते १८५० या दोन दशकांतील सामाजिक कादंबरीचा पहिला विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९५८ मध्ये ‘मेरी बार्टन’, ‘नॉर्थ अँड साउथ’, ‘हार्ड टाइम्स’, ‘सिबिल’, ‘ऑल्टन लॉक’ व ‘फीलिक्स होल्ट’ या सहा कादंबऱ्या एकत्र विचारात घेतल्या. पुढील चर्चा बहुधा याच सहांभोवती फिरत राहिली. यांपैकी ‘फीलिक्स होल्ट’ १८६६ ची असल्याने वरील कालमर्यादा काटेकोर मानता येत नाही.

उगम : या प्रकाराचा उगम पुष्कळदा निबंधकार टॉमस कार्लाइलच्या ‘चार्टिझम’ (मताधिकार मागणारी मजुरांची चळवळ) या पुस्तिकेत शोधला जातो. ‘इंग्लंडच्या स्थितीचा प्रश्न’ हा शब्दप्रयोग तिच्या पहिल्या प्रकरणाचे शीर्षक आहे. रोख पैसा हाच माणसामाणसांतील एकमेव दुवा उरला आहे, ही कार्लाइलची तक्रारही त्याच पुस्तिकेतील. ती डिसेंबर १८३९ च्या अखेरीस बाहेर पडली, पण मुखपृष्ठावर १८४० हे साल छापलेले असल्याने संदर्भग्रंथांत दोन्ही साले सापडतात. कोणतेही साल धरले तरी फ्रान्सिस ट्रोलप यांची ‘मायकेल आर्मस्ट्राँग, द फॅक्टरी बॉय’ ही कादंबरी १८३९ च्या पूर्वार्धातच मासिक भागांतून येऊ लागली होती. तिच्या तयारीसाठी त्या चित्रकारासह मँचेस्टरला जाऊन आल्या होत्या. रॉबर्ट ब्लिंको या गिरणीत वाढलेल्या अनाथ मुलाची १८३२ मध्ये छापली गेलेली जीवनकहाणीही त्यांनी वापरली. शार्लट एलिझाबेथ टोना यांची ‘हेलन फ्लीटवुड’ १८३९–४१ या काळात मासिकातून क्रमशः आली. त्याही मागे जायचे तर हॅरिएट मार्टिनो यांची ‘अ मँचेस्टर स्ट्राइक’ ही कथा १८३२ ची आहे. मात्र ती अर्थशास्त्राचे धडे देणाऱ्या मालेतील असून, संपाने मजुरी वाढत नाही हे पटवणे हा तिचा हेतू. म्हणून तिला या प्रकाराची पूर्वसूरी म्हणावे, आरंभ म्हणू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या तिन्ही लेखिकांना दीर्घकाळ प्रचारक म्हणून बाजूला ठेवले गेले, आणि हा अन्याय होता. कार्लाइलने प्रश्नाला नाव दिले. गिरणीतले मूल कादंबरीचा नायक त्याआधीच झाले होते.

संसदीय अहवाल : निळ्या वेष्टनामुळे ‘ब्लू बुक’ म्हटले जाणारे चौकशी-अहवाल हा या कादंबऱ्यांचा कच्चा माल होता. १८४० मध्ये नेमलेल्या बालकामगार आयोगाचे अहवाल १८४२ व १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले. खाणीतील मुलामुलींच्या साक्षींनी वाचकवर्ग हादरला. बेंजामिन डिझरेली याने ‘सिबिल, ऑर द टू नेशन्स’ (१८४५) मध्ये त्यांचा भरपूर उपयोग केला. कादंबरीतले वोडगेट हे कुलपे बनवणाऱ्यांचे गाव म्हणजे स्टॅफर्डशरमधील विलेनहॉल, हे शीला स्मिथ यांनी १९६२ मध्ये आर. एच. हॉर्न या तपासनिसाच्या अहवालाशी ताडून दाखवले. डिझरेलीने साक्षींतील भडक तपशील उचलले आणि सौम्य करणारे गाळले, हा त्यांचा निष्कर्ष साधार आहे. रोख मजुरीऐवजी मालकाच्याच दुकानातून माल घ्यायला लावण्याची प्रथा १८३१ च्या कायद्याने बंद व्हायला हवी होती. तिचेही चित्रण ‘सिबिल’मध्ये येते. श्रीमंत आणि गरीब ही एकाच राणीच्या राज्यातील दोन राष्ट्रे, हे त्यातील सूत्र पुढे इंग्लंडच्या राजकीय भाषेत कायमचे रुजले.

मँचेस्टर व प्रेस्टन : एलिझाबेथ गॅस्केल यांनी अहवालांवर विसंबण्यापेक्षा शेजार पाहून लिहिले. त्या मँचेस्टरमधील युनिटेरियन (ईश्वराचे त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) धर्मोपदेशकाच्या पत्नी होत्या. ‘मेरी बार्टन’ १८४८ मध्ये लेखिकेच्या नावाविना आली. मूळ योजनेत तिचे नाव नायक मजुराच्या नावावरून ‘जॉन बार्टन’ होते. प्रकाशकाच्या आग्रहाने मुलीचे नाव आले. ही बाब किरकोळ नाही, कारण कथेचा भार वर्गसंघर्षाकडून प्रेमकथेकडे सरकल्याची खूण तीत दिसते. लँकशरच्या बोलीवरील टिपा त्यांचे पती विल्यम गॅस्केल यांनी दिल्या. १८५४ च्या आवृत्तीला त्यांची बोलीविषयक दोन व्याख्यानेही जोडली होती. गिरणीमालकांवर अन्याय झाला, अशी टीका डब्ल्यू. आर. ग्रेग यांनी १८४९ मध्ये केली. ‘नॉर्थ अँड साउथ’ (१८५४–५५) मध्ये मालकाची बाजू अधिक समजुतीने येते. मजुरांना ‘हात’ म्हणण्याची गिरणीवाल्यांची रीत तिच्या नायिकेला खटकते. माणसाचा फक्त कामाला येणारा अवयव मोजणारा हा शब्द डिकन्झनेही नेमका हेरला होता.

चार्ल्स डिकन्झची ‘हार्ड टाइम्स’ १ एप्रिल ते १२ ऑगस्ट १८५४ या काळात ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या त्याच्याच साप्ताहिकात आली. त्यापूर्वी, जानेवारीत, तो प्रेस्टनचा गिरणी-संप पाहून आला होता. त्यावरील लेखात त्याने मजुरांच्या शिस्तीची वाखाणणी केली. कादंबरीत मात्र संघटनेचा पुढारी स्लॅकब्रिज हा चिथावणीखोर वक्ता होतो. या विसंगतीची दखल बहुतेक अभ्यासक घेतात. समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी १९४८ मध्ये या कादंबरीला दिलेला मान पुष्कळांना अतिरेकी वाटतो.

शेवट : सहानुभूती खरी, पण संघटित मजुरांच्या हिंसेची भीतीही तितकीच खरी, हे विल्यम्स यांचे निरीक्षण आजही टिकून आहे. व्यवस्थेतून वाट सापडत नाही तेव्हा कादंबरी वारसा, विवाह किंवा परदेशगमन यांचा आधार घेते. मेरी बार्टन कॅनडाला जाते. सिबिल उच्चकुलीन वारसदार निघते. ‘नॉर्थ अँड साउथ’मध्ये नायिकेच्या वारशाने गिरणीमालक सावरतो. चार्ल्स किंग्जलीचा शिंपी-कवी ऑल्टन लॉक (१८५०) अमेरिकेच्या वाटेवरच मरतो.

नंतरचा काळ : १८५५–५६ च्या कायद्यांनी मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या स्थापणे सोपे झाले, आणि कादंबरीत गिरणीची जागा सट्टा व बँक यांनी घेतली. डिकन्झच्या ‘लिटल डॉरिट’मधील (१८५५–५७) मर्डल व अँथनी ट्रोलपच्या ‘द वे वुइ लिव्ह नाउ’मधील (१८७४–७५) मेलमॉट ही या भांडवलाची दोन रूपे आहेत.

वाचक व मजूर-लेखक : तीन खंडांच्या नव्या कादंबरीची किंमत साधारणतः साडेएकतीस शिलिंग असे; मजुराला ती परवडण्याजोगी नव्हती. मजूर चळवळीने स्वतःही कादंबरी लिहिली. टॉमस मार्टिन व्हीलर याची ‘सनशाइन अँड शॅडो’ चार्टिस्टांच्या ‘नॉर्दर्न स्टार’ या पत्रात १८४९–५० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक चार्टिस्ट आहे, आणि त्याच्या सुटकेसाठी ती वारसा किंवा विवाह शोधत नाही.