कॉन्फीची भांडी

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बदकाचे व हंसाचे मांस चरबीत मुरवून (यालाच कॉन्फी म्हणतात) साठवण्यासाठी वापरली जाणारी मातीची भांडी. संग्राहक शोधतात ती प्रामुख्याने १९ व्या शतकातली.

गॅस्कनी, पेरिगोर या भागांत हिवाळ्यात पक्षी मारले की मांसाला मीठ लावून ते त्याच पक्ष्याच्या चरबीत मंद आचेवर शिजवत. मग ते भांड्यात रचून वरून पातळ चरबी ओतत. चरबी थिजली की आत हवा शिरत नाही आणि मांस महिनोन् महिने टिकते. आपण लोणच्यावर तेल उभे ठेवतो त्यामागेही हेच कारण असते.

भांडे पोटाला फुगीर असते आणि गळ्याशी दोन कान असतात. आतून सगळी झिलई (मातीवर भाजून बसवलेला काचेसारखा थर), त्यामुळे चरबी मातीत झिरपत नाही. बाहेरून मात्र झिलई वरच्या अर्ध्या भागालाच. खालचा भाग कोराच ठेवत, कारण भांडे थंड राहावे म्हणून ते तळघरातल्या जमिनीत निम्मे पुरून ठेवायची रीत होती. झिलई बहुधा पिवळी असते. हिरवी तांब्याच्या ऑक्साइडमुळे येते. झिलई खाली ओघळून जिथे थांबली ती वेडीवाकडी रेघ प्रत्येक भांड्यावर निराळी असते, आणि या भांड्यांचे सौंदर्य खरे तर तिथेच आहे.

डबाबंद अन्न आणि पुढे फ्रिज आल्यावर त्यांची गरज संपली. आता ती जुन्या बाजारांत मिळतात. नव्या नकलाही पुष्कळ निघतात. जुन्या भांड्याच्या काठाची झिलई उडालेली असते, बूड झिजलेले असते, कोऱ्या मातीवर चरबीचे काळपट डाग मुरलेले असतात. हे डाग घासून काढणे म्हणजे भांड्याचा इतिहासच पुसणे होय.

मांडणीत लहानमोठी भांडी फळीवर किंवा कपाटाच्या माथ्यावर एकत्र ठेवतात. कुंडीच्या आवरणात किंवा टोपलीत ठेवू नयेत, त्यात कोरा भाग झाकला जातो. तो भाग पाणी शोषतो, म्हणून भांडे भिजत घालू नये, कोरड्या फडक्याने पुसावे. फुले ठेवायची झाल्यास आत काचेचा पेला ठेवून त्यातच पाणी घालावे. जुन्या झिलईत शिसे असते. त्यामुळे या भांड्यांत खाण्याचा कोणताही पदार्थ, विशेषतः आंबट, ठेवू नये.